थापी घ्यावी भिंत पाहून

काउंटरच्या काचेवर चार थाप्या ओळीनं मांडलेल्या होत्या. चारही चौकोनी, चारही नव्याकोऱ्या, एक तर इतकी चकचकीत की तिच्यात समोरच्या बाईंना स्वतःचं कुंकू दिसत होतं. दुकान जबलपूरचं, कमानिया गेटच्या जुन्या बाजारातलं. बाहेर सराफ्याची गर्दी, रिक्षांचे भोंगे, आणि आत या सूनबाई थापी निवडायला आलेल्या. त्यांनी बराच वेळ विचार करून सगळ्यांत मोठी, सोळा इंची थापी उचलली. हिशेब सरळ होता : थापी जितकी मोठी तितकी एका हातात जास्त भिंत होणार, काम लवकर आटोपणार.

दुकानदारानं ती बांधून दिली असती तर त्याचा विक्रीचा आकडा वाढलाच असता. पण तो जुन्या पठडीतला माणूस. त्यानं कागद फाडता फाडता एकच प्रश्न विचारला, "भाभीजी, दीवार किस चीज़ की है?"

भिंत कशाची आहे? सूनबाईंना उत्तर देता आलं नाही. भिंत भिंतीची असते, एवढंच आजवर ठाऊक. त्या थापी तशीच काउंटरवर ठेवून घरी परतल्या, आणि हेच त्या दिवसातलं सगळ्यांत शहाणपणाचं काम ठरलं.

घर जवळच, गेटमागच्या गल्लीत. जबलपुरात मराठी घरं पुष्कळ आहेत. १८१७ पर्यंत इथे नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता, पुढे रेल्वे आली, १९०४ साली तोफगाड्यांचा कारखाना आला, आणि नोकरीच्या निमित्तानं कुटुंबं येत राहिली. १९५६ पर्यंत तर नागपूर आणि जबलपूर एकाच राज्यात होतं. त्यामुळे इथल्या मराठी स्वयंपाकघरात पोळीबरोबर हिंदीही तितकीच सहज लाटली जाते. खुद्द कमानिया गेट मात्र त्या मानानं अलीकडचं. १९३९ च्या मार्च महिन्यात त्रिपुरीला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, सुभाषबाबू आजारी असताना अध्यक्ष म्हणून आले, त्याची आठवण म्हणून हे गेट उभं आहे. त्याच्या सावलीत आता रोजचा बाजार चालतो, आणि त्याच्या मागे चुन्यातली जुनी घरं अजून तग धरून आहेत.

या घराची कहाणीही चुन्यातच कालवलेली. माजघराच्या भिंतीला एक तडा आहे. २२ मे १९९७ च्या पहाटे जबलपूरला भूकंप झाला, ५.८ तीव्रतेचा, तेव्हाचा तो तडा. उन्हाळ्याचे दिवस, घरातली निम्मी माणसं गच्चीवर झोपलेली. सासूबाई आत होत्या. भांडी खाली पडली, दिवे गेले, आणि अंधारात हात भिंतीवरून फिरवत त्या बाहेर आल्या तेव्हा बोटांना भिंत उकललेली लागली. पुढे सासऱ्यांनी तो तडा सिमेंटनं भरून घेतला. दोन पावसाळ्यांत त्या पट्टीच्या दोन्ही कडांना पुन्हा बारीक तडे आले. परत भरला, परत आले. सासरे गेले. तडा राहिला. "मेलं ते भूत आहे, दर चातुर्मासात येतं," असं सासूबाई म्हणतात, पण त्या भिंतीला टेकून मात्र बसत नाहीत.

या वर्षी नात बारावीला. तिला अभ्यासाला जागा हवी, म्हणून माजघरातच जिप्समच्या बोर्डांची आडभिंत घालून एक खोली काढायची ठरलं. मिस्त्रींनी सगळ्या कामाचे पाच दिवस सांगितले. घरच्या हिशेबात दोनच बसत होते. शेवटी असं ठरलं की तडा खोदून भरण्याचं आणि बोर्ड बसवण्याचं जड काम मिस्त्री दोन दिवसांत करतील, आणि शेवटचा हात घरच्यांनी मारायचा. मिस्त्रींनी मान्य केलं, फक्त एक अट घातली : "गुरमाला अपना ले आइएगा. मैं अपना नहीं दूँगा."

सूनबाईंना तेव्हा याचा राग आला होता. एवढंसं पत्र्याचं हत्यार, दोन दिवस द्यायला काय हरकत? राग का चुकीचा होता ते पुढे येईलच.

आधी नावांचा गोंधळ निस्तरायला हवा. महाराष्ट्रातला गवंडी 'थापी' म्हणतो तेव्हा त्याच्या मनात बहुधा टोकदार पात्याचं, मुठीचं हत्यार असतं. विटांवर माल टाकायचा, सांधे भरायचे ते त्यानं. जबलपुरात तिला करनी म्हणतात. गिलावा सपाट करायला जे लाकडी, सपाट फळीचं हत्यार लागतं तो आपला रंधा. सुताराच्या रंध्याचं नाव गवंड्यानंही उचललं आहे. आणि शेवटची गुळगुळीत घोटाई ज्यानं करतात ते चौकोनी पोलादी पातं, पाठीवर मूठ बसवलेलं, ते जबलपूरच्या मिस्त्रीचा गुरमाला. लाकडी रंध्यालाही तो लकडी का गुरमालाच म्हणतो, म्हणून दुकानात नुसतं 'गुरमाला द्या' म्हणून चालत नाही, लोखंडी की लाकडी ते सांगावं लागतं. इथे चर्चा आहे ती या चौकोनी पोलादी थापीची. हत्यार फार पुरातन. इजिप्तच्या प्राचीन थडग्यांच्या काळातले लाकडी रंधे सापडले आहेत, आणि ते आजच्या गवंड्याच्या हातात दिले तर तो न विचारता भिंतीवर फिरवू लागेल, इतके आजच्यासारखे आहेत.

आता दुकानदाराच्या प्रश्नाकडे. भिंत कशाची आहे यावर थापी ठरते, कारण भिंतीवर चढवायचा माल निरनिराळ्या तऱ्हेनं वागतो.

सिमेंटचा गिलावा जड, वाळूचा, खरखरीत. त्याला दाब लागतो. पातळ, लवचीक पातं वाळूवरून फिरवलं तर ते लाटेसारखं वाकतं आणि भिंतीवर लाटा उमटतात. इथे पातं जाड हवं, पाऊण मिलिमीटरच्या आसपास, आणि मुळात पोलादी थापीच्या आधी लाकडी रंध्यानं काम झालेलं हवं. अनेक गवंडी सिमेंटवर पोलादी थापी फार वेळ घासतात, भिंत आरशासारखी दिसते, घरमालक खूश होतो. वर थोडं कोरडं सिमेंटही भुरभुरतात, पाणी ओढून घ्यायला. हे खूश होण्यासारखं मुळीच नाही. घोटून घोटून सिमेंटचं बारीक पीठ आणि पाणी वर येतं, वरचा थर खालच्यापेक्षा जास्त कडक होतो, आणि काही आठवड्यांत त्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा उमटतात. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याच्या कामाच्या नियमांतही गिलाव्यावर थापी गरजेपेक्षा जास्त फिरवू नये असं स्पष्ट लिहिलेलं आहे. नियम सरकारी असला तरी बरोबर आहे.

चुन्याची गोष्ट वेगळी. चुना सावकाश घट्ट होतो, कारण तो हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा दगडाच्या जातीचा होत असतो. ही घाईची प्रक्रिया नव्हे. वाळताना तो आकसतो, बारीक चिरा पडतात, आणि त्या वेळेवर दाबून मिटवाव्या लागतात. आधी रंध्यानं, मग शेवटच्या बारीक थरावर पोलादी थापीनं. महाराष्ट्रातल्या जुन्या घरांच्या भिंतींना जो लोण्यासारखा पांढरा हात लागलेला दिसतो तो नीरूचा, म्हणजे वस्त्रगाळ केलेल्या भिजवलेल्या चुन्याचा. त्या घोटाईला पातं मध्यम जाडीचं, कडा अगदी सरळ पण धार मेलेल्या, आणि गंज नसलेलं हवं. गंजलेल्या थापीचे तांबूस डाग पांढऱ्या चुन्यावर असे बसतात की वरून रंगाचे दोन हात मारले तरी एखादा डोकावतोच.

तिसरी जात जिप्समची. प्लास्टर ऑफ पॅरिस असो, भिंतीची लांबी असो की बोर्डांच्या सांध्यात भरायची लुकण असो, माल मऊ, मलईसारखा आणि थर जेमतेम एक-दोन मिलिमीटरचा. इथे जाड थापी म्हणजे पुरणपोळी लाटायला वरवंटा. पातं पातळ हवं, अर्धा मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी, बोटानं दाबलं तर किंचित वाकणारं आणि सोडलं की टणकन सरळ होणारं. सरळ झालं नाही, थोडा बाक राहिला, तर ती थापी काउंटरवरच परत ठेवावी.

सूनबाईंच्या घरात भिंती दोन होत्या, एक चुन्याची आणि एक होऊ घातलेली जिप्समची. सिमेंटची एकही नव्हती. नेमकी सिमेंटला शोभणारी सोळा इंची जाड थापी त्यांनी उचलली होती!

पण घरी परतल्यावर आणखी एक उलगडा झाला, आणि तो थापीपेक्षा मोठा होता. दुकानदाराचा प्रश्न सासूबाईंना सांगितला तेव्हा त्या चटकन म्हणाल्या, "अगं, चुन्याची. माझ्या सासऱ्यांच्या वेळची. कटनीचा चुना, नर्मदेची वाळू, गूळ आणि बेलफळाचं पाणी घालून महिनाभर कालवत होते म्हणे."

"मग आई, तडा सिमेंटनं कशाला भरला?"

सासूबाई गप्प राहिल्या. सिमेंट म्हणजे पक्कं, असं तेव्हा सगळेच समजत. आजही समजतात. खरं तर चुन्याची भिंत थोडी मऊ, थोडी लवचीक आणि ओल आत घेऊन बाहेर सोडणारी. तिच्या मधोमध सिमेंटची कडक पट्टी बसवली की पावसाळ्यातली ओल त्या पट्टीतून बाहेर पडू शकत नाही, कडेच्या चुन्यातून वाट काढते. ओलीबरोबर क्षार येतात, चुना भुसभुशीत होतो. शिवाय उन्हापावसात दोन्ही वेगवेगळ्या मापानं फुगतात-आकसतात. तडा मग पट्टीत न पडता तिच्या कडेला पडतो. दर चातुर्मासात येणारं भूत ते हेच. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं घरातली माणसं भूकंपाला दोष देत होती, आणि निम्मा दोष घमेल्यातल्या सिमेंटचा होता.

कटनीचा चुना म्हणजे या भागातला जुना भरवशाचा माल. कटनी इथून नव्वदेक किलोमीटर, १९९८ साली वेगळा जिल्हा होईपर्यंत जबलपूर जिल्ह्यातच होतं. चुना अजून मिळतो, फक्त मागायला हवा. वाचकांपैकी ज्यांची घरं जुनी आहेत त्यांनी डागडुजीआधी भिंतीचा एक लहानसा टवका काढून पाहावा. पांढरट, नखानं खरवडला जाणारा आणि लिंबू पिळलं की फसफसणारा असेल तर बहुधा चुना. राखाडी, खणखणीत असेल तर सिमेंट.

आणि हेही सांगायलाच हवं की प्रत्येक तडा थापीनं मिटणारा नसतो. तडा भिंतीच्या आरपार असेल, वाढत असेल, शेजारची दारं-खिडक्या अडकू लागली असतील, तर आधी इंजिनिअरला दाखवावं, थापीचा विचार नंतर. वाढतो आहे की नाही हे पाहण्याची साधी युक्ती आहे : तड्यावर आडवी प्लास्टरची पातळ पट्टी किंवा काचेची चिप चिकटवायची आणि बाजूला तारीख लिहायची. पट्टी फुटली तर भिंत हलते आहे. या घरात ती चिप दिवाळीत लावली होती, होळीपर्यंत शाबूत होती. म्हणून तर मिस्त्रींनी काम घेतलं.

दुसऱ्या दिवशी सूनबाई पुन्हा दुकानात गेल्या, या वेळी मुलीला घेऊन. प्रश्नाचं उत्तर तयार होतं. दुकानदारानं सोळा इंची थापी गुपचूप मागे सरकवली आणि उरलेल्या तिघींतून निवड सुरू झाली.

लांबीचा विचार आधी. सराईत मिस्त्री चौदा-सोळा इंची, कधी अठरा इंची थापीही चालवतो, कारण लांब पातं लहानसहान उंचवटे एका झटक्यात सपाट करतं. पण माल लादलेली लांब थापी मनगटाला जड जाते, आणि मनगट थकलं की कोपरा भिंतीत रुततो. नवशिक्यानं अकरा ते तेरा इंचांच्या पुढे जाऊ नये. रुंदी साधारण साडेचार-पाच इंच असते, तिच्यात फारसा फरक पडत नाही.

मग पोलाद. साधं पोलाद आणि स्टेनलेस, दोन्ही मिळतात. साध्या पोलादाचं पातं झिजून हाताला वळण घेतं, जुने मिस्त्री त्याच्यावर जीव टाकतात. पण ते रोज पुसून, तेल लावून ठेवावं लागतं. वर्षातून दोनदा हत्यार हातात घेणाऱ्या घरात एवढी निगा कोण राखणार? घरगुती वापराला, त्यातून पांढऱ्या मालाला, स्टेनलेसच बरं. किंमत थोडी जास्त पडते. पडू द्यावी. भिंतीवरचे गंजाचे डाग झाकायला लागणाऱ्या रंगापेक्षा ती कमीच असते.

मूठ हा भाग बहुतेक जण पाहतच नाहीत, आणि दिवसअखेर तोच सगळ्यांत जास्त आठवतो. मूठ धरल्यावर बोटं पाठीवरच्या लोखंडी पट्टीला घासता कामा नयेत, आणि मूठ इतकी जाडही नको की अंगठा पोचणार नाही. बाजारातल्या बहुतेक मुठी पुरुषांच्या पंजाच्या मापाच्या. सूनबाईंनी तिन्ही थाप्या हातात धरून दुकानातल्या खांबावर हवेतच फिरवून पाहिल्या. दोन गिऱ्हाइकं बघत राहिली. बघू देत. चप्पल घेताना आपण पायात घालून दोन पावलं चालतोच ना?

दुकानदारानं आणखी दोन परीक्षा शिकवल्या. थापी काचेच्या काउंटरवर पालथी, म्हणजे काम करायची बाजू खाली, ठेवायची आणि चारी कोपऱ्यांवर एकेक बोट दाबायचं. डुगडुगली तर पातं पिळलेलं आहे. मग ती डोळ्यांशी धरून उजेडाकडे कडेनं पाहायचं, बंदुकीचा नेम धरावा तसं. कड सरळ रेघेसारखी दिसली पाहिजे. आणि पात्याच्या खालच्या अंगावरून तळवा फिरवायचा. मुठीची पट्टी रिबिटांनी बसवलेली असते, आणि स्वस्त मालात रिबिटाची डोकी खालच्या बाजूला केसाएवढी वर राहतात. तो केस भिंतीवर प्रत्येक हाताला एक ओरखडा काढतो.

या परीक्षेत तिघींपैकी एक डुगडुगली. मुलगी म्हणाली, "ही तर बिघडलेली आहे." दुकानदार हसला. ती बिघडलेली नव्हती, मुद्दाम बाक दिलेली होती. जिप्सम बोर्डांच्या सांध्यांसाठी अशी किंचित कमानदार थापी करतात. सांध्यावर कागदी पट्टी चिकटवली की तिथे थोडी जाडी येते. कमानदार पातं त्या जाडीवरून फिरताना मध्ये जरासा माल राखतं आणि कडेला शून्यावर आणतं, त्यामुळे सांधा दिसेनासा होतो. बोर्डाचं काम रोज करणाऱ्याला ती उपयोगाची. पण तीच चुन्याच्या भिंतीवर फिरवली तर भिंतभर उथळ उंचवटे. दोन्ही कामांना एकच थापी घ्यायची असेल तर सपाटच घ्यावी, सांध्यांसाठी बाजूला रंगाऱ्याचा एक रुंद पत्रा ठेवावा. चौथी थापी प्लास्टिकची होती. रंगीत किंवा अगदी पांढऱ्या घोटाईवर पोलाद जोरात घासलं तर काळसर झाक येते, ती टाळायला शेवटचा हात प्लास्टिकनं मारतात. सूनबाईंना तिची गरज नव्हती.

घेतलं ते असं : बारा इंची, सपाट, स्टेनलेसची, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास पात्याची एक थापी, एक लाकडी रंधा, आणि सांध्यांसाठी चार इंची व दहा इंची असे दोन पत्रे. वर दुकानदारानं डोळ्यांवरचा चष्मा आणि रबरी हातमोजे बळेच पिशवीत घातले. त्याबद्दल त्याचे आभार मानावे तितके थोडे, कारण ओला चुना कातडी भाजतो आणि डोळ्यात उडाला तर दृष्टीच जाऊ शकते. उडालाच तर चोळू नये, स्वच्छ पाण्यानं बराच वेळ डोळा धुवावा आणि थेट दवाखाना गाठावा.

मिस्त्री आले. नवी थापी पाहून त्यांनी मान डोलावली, आणि ती भिंतीला लावायला साफ नकार दिला. नव्या पात्याचे चार कोपरे आणि कडा सुरीसारख्या असतात. ती थेट शेवटच्या थरावर घेतली तर प्रत्येक हाताला रेघ. त्यांनी आपल्या पिशवीतून बारीक पॉलिश कागद काढला, कडांवरून हलक्या हातानं फिरवला, कोपऱ्यांची टोकं जराशी मारली, आणि मग पहिला दिवसभर ती नवी थापी खालच्या खडबडीत थरावर वापरायला लावली. वाळूनंच ती घासून निघाली. संध्याकाळी कड बोटाला रेशमासारखी लागत होती.

तेव्हा त्यांनी स्वतःचा गुरमाला दाखवला. किती वर्षांचा, ते त्यांनाही नीट सांगता येईना. पातं कडेनं झिजून नव्याच्या पाऊणपट राहिलेलं, आणि एका बाजूला दुसरीपेक्षा थोडं जास्त. मिस्त्री उजव्या हाताचे, त्यांचा दाब ज्या अंगाला पडतो त्या अंगाला झीज. दुसऱ्यानं तो दोन दिवस वापरला तर कड वेगळ्या वळणाची होते, आणि मग ती पुन्हा हाताशी येईपर्यंत त्यांच्या प्रत्येक भिंतीवर रेघ उठणार. त्यांची रोजी त्या कडेवर. शिंपी आपली कात्री कागद कापायला देत नाही, तसंच ते. सूनबाईंनी यावर काही न बोलता चहा पुढे केला.

तडा सिमेंटची पट्टी काढून इंग्रजी व्ही अक्षरासारखा खोदला, झाडून साफ केला, पाण्यानं चांगला भिजवला. कोरडी जुनी भिंत नव्या मालातलं पाणी क्षणात पिते, म्हणून ही भिजवणी टाळायची नाही. मग चुना-वाळूचे थर, एका वेळी बोटाच्या पेराहून पातळ, आणि प्रत्येक थर घट्ट झाल्यावरच पुढचा. घाई इथे चालत नाही, त्यामुळे मिस्त्रींचे दोन दिवस खालच्या थरांपुरतेच पुरले. वरचा बारीक थर आठवड्यानं सासूबाईंनी आणि सूनबाईंनी मिळून चढवला. माल चढवताना थापीची पुढची कड भिंतीपासून चांगली उचललेली ठेवायची, घोटताना जवळजवळ टेकवायची, पण पूर्ण सपाट कधीच नाही, नाहीतर थापी भिंतीला चिकटते आणि ओढली की माल घेऊनच येते. पहिल्या दिवशी हे तीनदा झालं. घोटाई कधी सुरू करायची याची खूण मिस्त्रींनी सांगून ठेवली होती : बोट टेकवलं तर ठसा उमटावा, पण बोटाला चुना लागू नये. पुढे चार-पाच दिवस ओलं फडकं भिंतीवर टांगून ठेवलं.

बोर्डांचं काम त्या मानानं सोपं. साडेबारा मिलिमीटर जाडीच्या या बोर्डांच्या लांब कडा मुद्दाम उतरत्या केलेल्या असतात. दोन बोर्ड शेजारी आले की मध्ये उथळ घळ तयार होते, तिच्यात कागदी पट्टी आणि लुकण बसते. (अशा बोर्डांचं पहिलं पेटंट अमेरिकेत ऑगस्टीन सॅकेट यांनी १८९४ साली घेतलं.) पहिला थर चार इंची पत्र्यानं, पट्टीखाली हवा न ठेवता. वाळला की दुसरा दहा इंची पत्र्यानं, कडेला नाहीसा होत जाणारा. तिसरा बारा इंची थापीनं, त्याहूनही रुंद. बहुतेकांची चूक होते ती एकाच जाड थरात सांधा बुजवण्याची. जाड थर वाळताना खचतो आणि सांधा पुन्हा वर येतो. घासताना उडणारी पांढरी भुकटी छातीत जाऊ नये म्हणून तोंडाला मास्क हवा. नातीनं सांधे घासण्याऐवजी ओल्या स्पंजनं पुसून सपाट केले, भुकटी जवळजवळ उडालीच नाही. युक्ती तिची स्वतःची नव्हे, पण चांगली.

थापीची निगा दोन मिनिटांची असते आणि नेमकी तीच राहून जाते. माल सुकण्याआधी पातं दोन्ही बाजूंनी आणि मुठीच्या खाचेत धुवायचं, कोरडं करायचं. बादलीत बुडवून ठेवायची नाही. वाळलेला माल दुसऱ्या थापीनं ठोकून काढायचा नाही, कडेला एक खाच पडली की ती थापी घोटाईला संपली. आणि तिनं रंगाच्या डब्याचं झाकण तर कधीच उघडायचं नाही, मग घरातले पुरुष काहीही म्हणोत.

काम संपल्यावर रात्री मुलानं दिवे मालवले आणि विजेरी भिंतीला चिकटवून आडवा झोत टाकला. समोरून न दिसणारी लाट अशा तिरप्या उजेडात लगेच दिसते. बोर्डाच्या भिंतीवर दोन ठिकाणी सांध्याची पुसट रेघ दिसली, ती दुसऱ्या दिवशी पातळ हातानं भरली. चुन्याच्या भिंतीवर तड्याच्या जागी थोडा उंचवटा राहिला आहे, नवशिक्या हातांचा. सासूबाईंनी तो तसाच राहू द्यायला सांगितला. थापी पुसून, मुठीला सुतळीचा फास बांधून त्यांनी स्वयंपाकघरात झाऱ्याशेजारच्या खिळ्याला टांगली, आणि जवळचा पाट ओढून त्या भिंतीला पाठ टेकून बसल्या.